इमान कुणाशी?

(रेडिओवर झालेले भाषण)

 

मागच्या महिन्यात एका वस्तीवर बायकांची प्रार्थनासभा होती. सभा संपली, चहा झाला, बाया आपापल्या चपला शोधायला लागल्या. तेवढ्यात एक तरुण सून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू का? पाळकसाहेबांचं काही चुकत असलं तर बोललेलं चालतं का? आमच्यात म्हणतात, पाळकाविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं." मी उभ्याउभ्या तिला काहीतरी उत्तर दिलं आणि घरी आले. पण रात्री झोप येईना. हा प्रश्न मला नवा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मीच तो स्वतःला विचारला होता, आणि त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं. तेव्हा आजचं बोलणं त्या सुनेसाठी आहे. बाकीच्यांनी तिच्या शेजारी बसून ऐकावं.

आमच्यातले दोन-तीन शब्द आधी सांगते, म्हणजे इतर बहिणींना अडायला नको. मंडळी म्हणजे आमच्या देवळात जमणारे सगळे लोक. पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. मेंढरं पाळतो तो पाळक, त्यावरूनच तो शब्द. आणि पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघायला निवडून दिलेली माणसं. तुमच्या बचत गटात अध्यक्ष, सचिव असतात ना, तसंच.

तर नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीत बायकांचं मूठधान्य असतं. सकाळी भाकरीला पीठ घेताना, तांदूळ निवडताना, एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी आपापलं धान्य देवळात आणायचं, ते विकायचं आणि पैसे बायकांच्या अडीअडचणीला ठेवायचे. वही आणि पैशाचा डबा माझ्याकडे होता. तेव्हा त्यात 14 हजार रुपये साठले होते. ज्यांच्या घरात दोन वेळचं कसंबसं भागतं, त्या बायांच्या मुठीमुठीतून आलेले पैसे.

एका संध्याकाळी आमचे तेव्हाचे पाळक घरी आले. मोठी सभा भरायची होती, बाहेरगावचे वक्ते येणार होते, मंडपाचे आणि जेवणाचे पैसे कमी पडत होते. म्हणाले, "बाई, महिनाभरात परत करतो. वहीत मात्र लिहू नका, उगाच चर्चा होते." मी डबा उघडला आणि सगळे पैसे त्यांच्या हातात दिले.

का दिले? भीतीनं नाही. माझे मालक शेवटच्या आजारात दवाखान्यात होते, तेव्हा हेच पाळक तीन रात्री बाहेरच्या बाकावर बसून होते. माझा सख्खा दीर एकदा येऊन, तोंड दाखवून गेला. हे बसून राहिले. मालक गेले तेव्हा लेकरांना जवळ घेऊन बसले. मला वाटलं, अशा माणसाला नाही म्हणायचं म्हणजे बेइमानी. आपल्यात म्हणतातच, खाल्ल्या मिठाला जागावं. मी जागले.

महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष झालं. मी एकदा आठवण केली, ते "बघू" म्हणाले. पुन्हा विचारायला मला लाज वाटली. कुणी बाईनं हिशेब विचारला की मी म्हणायचे, "आहेत, सुखरूप आहेत."

मग एके दिवशी आमच्यातलीच एक बाई दारात आली. नवरा नाही, दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते, मुलीचं अपेंडिक्स दुखायला लागलं होतं, ऑपरेशन करायला सांगितलं होतं. "बाई, आठ हजार द्या, खुरपणीचे आले की भरते." मी तिला सांगितलं, पैसे मुदत ठेवीत अडकलेत, आत्ता निघणार नाहीत. ती काही बोलली नाही. तिनं फायनान्सवाल्यांकडून आठवड्याच्या हप्त्यानं पैसे उचलले. मुलगी वाचली, देवाची दया. पण हप्ते फेडता येईनात, तेव्हा बाजाराच्या दिवशी ती आपल्या दोन शेळ्या घेऊन माझ्याच दारावरून गेली. मला बघून "सलाम, बाई" म्हणाली. मी घरात गेले आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात बायकांच्या सभेत बोलायची पाळी माझी होती, आणि विषय होता रूथ. पवित्र शास्त्रात रूथचं एक छोटं पुस्तक आहे, चारच अध्यायांचं. तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, ही गोष्ट तुम्हाला आपल्या घरातली वाटेल, कारण ती सासू-सुनेची आहे आणि दुष्काळाची आहे. बेथलेहेम गावात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जगायला गेली. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला जातात, तसं. तिथं नवरा वारला, मुलांची लग्नं झाली, मग दोन्ही मुलगेही वारले. राहिल्या तीन विधवा. नामी परत गावाकडं निघाली आणि दोन्ही सुनांना म्हणाली, तुम्ही माहेरी जा, पुन्हा संसार करा. थोरली-धाकटी कोण ते शास्त्रात नाही, पण अर्पा नावाची रडली आणि परत गेली. तिलाही कुणी नाव ठेवलेलं नाही, हे लक्षात घ्या. रूथ मात्र हटली नाही. तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव, अशा अर्थाचं बोलून ती सासूबरोबर परक्या गावी आली.

मी वर्षानुवर्षं ही गोष्ट एकाच पद्धतीनं सांगत आले होते. बघा, सून कशी मुकाट्यानं सासूच्या मागं गेली. म्हणजे निष्ठा म्हणजे मुकाट्यानं मागं जाणं. त्या दिवशी तयारीसाठी पुस्तक उघडलं आणि दिसलं की यात मुकाट्यानं काही नाहीच. सासू "जा" म्हणत होती, एकदा नाही, पुन्हापुन्हा. रूथनं तिचं ऐकलं नाही! जिला सगळे निष्ठेचा नमुना म्हणतात, तिनं पहिली गोष्ट कुठली केली, तर ज्या बाईवर निष्ठा होती तिचं म्हणणं मोडलं. म्हातारीच्या पोटाला काय लागेल, याच्याशी तिचं इमान होतं.

आणि पुढं बघा. गावात आल्यावर ती सरवा वेचायला गेली. सरवा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कापणी झाल्यावर मागं पडलेली कणसं. त्या देवाच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलं होतं की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, पडलेलं उचलू नको, ते गरिबाचं आणि परक्याचं. दिवस सातूच्या कापणीचे होते. शेताचा मालक बवाज, त्यानं दुपारी तिला आपल्या माणसांबरोबर जेवायला बसवलं, हुरडा दिला. ती पोटभर जेवली आणि उरलेलं बांधून घेतलं. संध्याकाळी वेचलेलं झोडून घरी आली, तेव्हा धान्याबरोबर तो उरलेला हुरडाही तिनं सासूपुढं ठेवला. मला त्या पूर्ण पुस्तकात हीच जागा फार आवडते. नवस नाही, शपथ नाही, पदरात बांधून आणलेला घासभर हुरडा.

शास्त्राच्या मूळ हिब्रू भाषेत अशा वागण्याला हेसेद म्हणतात. दया, माया आणि दिलेला शब्द पाळणं, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत. आपल्याकडं निष्ठावंत हा शब्द हल्ली निवडणुकीच्या फलकावरच दिसतो, आणि ज्याच्या फोटोशेजारी तो असतो तो पुढच्या निवडणुकीत कुठं असेल ते सांगता येत नाही. हेसेद तसलं नाही. त्यात फोटो कुणाचा, हा प्रश्नच नसतो. भुकेलं कोण आहे, हा प्रश्न असतो.

मी सभेत त्या दिवशी बोलू शकले नाही. डोकं दुखतंय म्हणून बसून राहिले. शेळ्या विकलेली बाई माझ्यासमोर दुसऱ्या ओळीत बसली होती.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडं येते. पाळकाविरुद्ध बोलायचं नाही, असं सांगताना एक आधार नेहमी दिला जातो. देवानं ज्याला अभिषेक केला त्याला धक्का लावायचा नाही, असं शास्त्रात आहे, म्हणतात. आहे, खरंच आहे. स्तोत्रसंहितेच्या 105व्या स्तोत्रात आहे. पण बहिणींनो, ते स्तोत्र घरी उघडून त्या ओळीच्या वरच्या चार ओळी वाचा. तिथं गोष्ट अब्राहाम आणि त्याच्या घराण्याची चालली आहे. माणसं मोजकी, परमुलखात उपरी, या राज्यातून त्या राज्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी. आणि तो हुकूम देव कुणाला देतो? राजांना. माझ्या या भटक्या माणसांना हात लावाल तर खबरदार, असं तो सिंहासनावर बसलेल्यांना बजावतो. म्हणजे जे वचन दुबळ्याला बळवंतापासून राखण्यासाठी आलं, ते आपल्याकडं खुर्चीवरच्या माणसाला सतरंजीवरच्या माणसापासून राखायला वापरतात. मला हे कळलं तेव्हा मी वही खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

दुसरा आधार दावीद राजाचा देतात. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत तो एकटा सापडला तरी दावीदानं त्याला मारलं नाही, कारण तो देवाचा अभिषिक्त होता. बरोबर आहे. पण गोष्ट तिथं संपवतात, ती संपत नाही. दावीदानं शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, बाहेर आला, आणि सगळ्या सैन्यादेखत ओरडून त्याला विचारलं की माझा गुन्हा काय, तू माझ्यामागं का लागलास? मारलं नाही, पण गप्पही बसला नाही. आणि शौल रडला तरी दावीद त्याच्याबरोबर वाड्यावर परत गेला नाही, डोंगरातच राहिला. हात उचलायचा नाही, पण खरं तोंडावर सांगायचं. दोन्ही एकाच माणसानं केलं. तोच दावीद पुढं राजा झाला, दुसऱ्याची बायको बळकावली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात गेला आणि एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून राजाकडूनच राजाचा गुन्हा वदवून घेतला. त्या दरबारात दावीदाचं भलं बघणारा कोण होता, माना हलवणारे की नाथान, ते तुम्हीच ठरवा.

शास्त्रातली माणसं फार जुनी वाटत असतील, तर आपल्याजवळची सांगते. पुणे जिल्ह्यात दौंडच्या अलीकडं केडगाव आहे, तिथं मुक्ती मिशन आहे. ते ज्यांनी उभं केलं त्या पंडिता रमाबाई. त्यांच्या कामाचं कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. त्यांचं भांडण कुणी सांगत नाही.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. नवरे बिपिनबिहारी मेधावी आदल्या सालीच वारले होते, पदरात लहानगी मनोरमा होती. वाँटेज नावाच्या गावात ख्रिस्ती सिस्टरांचा मठ होता, तिथं त्या राहिल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा तिथं बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेरल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. परक्या देशात आसरा दिला, शिकवलं, लेकीला माया लावली. उपकार डोंगराएवढे.

आणि त्याच आजीबाईंशी रमाबाईंचं वाजलं. का, तर रमाबाई प्रश्न विचारायच्या. सांगितलेली शिकवण पटली नाही तर पटली नाही म्हणायच्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी संस्कृत काय वाईट आहे, असं विचारायच्या. मांसाहार करत नव्हत्या, त्यावरूनही बोलणी बसायची. 1884 च्या सुमारास त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या, तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा विषय निघाला. इकडं हिंदुस्थानात बसलेल्या बिशपांनी कळवलं, शिकवू नये, बाईमाणसाला शोभत नाही, तिकडं लोक काय म्हणतील. गंमत बघा, रमाबाईंनी आपल्या देशात भरसभेत पुरुषांपुढं व्याख्यानं दिली होती, शास्त्र्यांशी वाद केले होते. त्यांनी लिहून कळवलं की मी ख्रिस्ताला मानते, त्याच्या वचनाला मानते, पण इथला एक जोखड मानेवरून उतरवून आले ती दुसरा चढवून घ्यायला नाही. मला देवानं विवेक दिला आहे. अर्थ असा, शब्द माझे आहेत. यावर त्यांना हट्टी म्हटलं गेलं, गर्विष्ठ म्हटलं गेलं, कृतघ्न ठरवायचीही वेळ आली.

पण पुढचं ऐका. रमाबाईंनी मंडळी सोडली नाही, ख्रिस्त सोडला नाही आणि आजीबाईही सोडल्या नाहीत. पत्रं चालूच राहिली. मनोरमा काही काळ त्यांच्याच सांभाळात वाढली. ज्या बाईशी इतका वाद झाला, तिच्याच हाती आपलं एकुलतं एक लेकरू द्यायचं! आणि त्या बाईनंही भांडणाची सगळी पत्रं जपून ठेवली, म्हणून तर ती आज छापलेली वाचायला मिळतात. आपल्याकडं भांडण झालं की आधी फोन नंबर काढून टाकतात.

रमाबाई परत आल्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं, मग ते पुण्याला नेलं. तिथं दोन्हीकडून मार बसला. काही मिशनरी म्हणायचे, ही उघड ख्रिस्ती शिक्षण देत नाही, कसली ख्रिस्ती? पुण्यातले लोक म्हणायचे, ही मुलींना बाटवते. 1893 साली सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वेळी एका बाजूला घट्ट धरून राहिल्या असत्या, तर रमाबाईंना निष्ठावंत म्हणणारे शेकड्यांनी मिळाले असते. त्या राहिल्या मुलींच्या बाजूला. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात पुन्हा तेच, या वेळी गुजरातेतूनही. केडगावच्या माळावर शेकडो मुलींचं घर उभं राहिलं.

शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता येईल, अशा मराठीत पूर्ण शास्त्र आणायचं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले, मुलींनी छापलं. 1921 साली मनोरमा गेली. आईनं काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि 1924 साली ते शास्त्र छापून पूर्ण झालं. ज्या बाईला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ऐकत नाही म्हणून बोल लावला, तिनं आपल्या हातात हे देऊन ठेवलं.

आता थोडं पाळकांविषयी आणि पुढारीपणाविषयी. आपण नेहमी विचारतो, मेंढरं निष्ठेनं वागतात का? प्रभू येशूनं प्रश्न उलटा विचारला. योहानाच्या शुभवर्तमानात मोलानं ठेवलेला राखण्या आणि खरा मेंढपाळ, असा फरक सांगितला आहे. लांडगा आला की मोलाचा गडी पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. आपल्याकडं धनगरांचे वाडे दिवाळीनंतर शेतात उतरतात. रात्री मेंढरं शेतात बसवतात, तेव्हा धनगर कुठं झोपतो बघितलंय? पालात नाही, कळपाच्या कडेला, घोंगडीवर, काठी उशाला. नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही, ते त्याची बायको कडेवर नाहीतर घोड्यावरच्या झोळीत घालून नेते. मेंढराकडून कुणी शपथ घेत नाही. इमान त्याचं कळपाशी आहे, म्हणून कळप त्याच्या हाकेला येतो.

पेत्र हा येशूचा शिष्य, आमच्या मंडळीचा पहिला पुढारी म्हणा ना. येशूला धरून नेलं त्या रात्री, अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत बसलेला पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. ज्यानं जीव देण्याच्या गोष्टी केल्या होत्या, तो. वधस्तंभाजवळ शेवटपर्यंत टिकल्या त्या बहुतेक बायाच. मरीया मग्दालीया, येशूची आई, आणखी काही जणी. योहान्ना, सुसान्ना या तर पदरमोड करून येशूचा आणि शिष्यांचा खर्च भागवत असत. असो, तो वेगळा विषय होईल. तर पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूनं पेत्राला गाठलं. पुन्हा कोळशाचा विस्तव, वर मासे भाजलेले, भाकर तयार. आधी जेवायला घातलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का? आहे म्हटल्यावर असं नाही सांगितलं की मग माझी बाजू घेऊन भांड, माझा जयजयकार कर. सांगितलं, माझी कोकरं चार.

हे वाचून मी उठले. खरं सांगते, आणखी एक महिना गेला, मग उठले.

येशूनं यासाठी रीत घालून दिली आहे, मत्तयाच्या 18व्या अध्यायात. आधी एकटीनं जाऊन त्या माणसाला त्याची चूक सांगायची. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन जायचं. तरी नाही, तर मंडळीला सांगायचं. चौकात सांगायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही. त्या सुनेला मला हेच नीट सांगायचं होतं. बोलायचं का हा प्रश्नच नाही, कुठून सुरू करायचं हा आहे.

मी एकटी गेले. ते रागावले. म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." हे वाक्य मला फार लागलं, कारण त्या तीन रात्री माझ्या डोळ्यांपुढं होत्या. मग मी एका पंचांना आणि एका वडीलधाऱ्या बाईला घेऊन गेले. तेव्हा कळलं की थोडे पैसे सभेला गेले होते आणि बाकीचे मुलाच्या फीला. माणूस चोर नव्हता. अडला होता आणि सोपा डबा समोर दिसला. तो सोपा मी करून दिला होता. शेवटी बायकांच्या सभेत उभं राहून मी सगळं सांगितलं, माझं खोटं बोलणं आधी आणि मग बाकीचं.

गोड शेवट झाला नाही. पाळकांनी 9 हजार हप्त्याहप्त्यानं परत केले, मग त्यांची बदली झाली. राहिलेले 5 हजार मी भरले, दान म्हणून नाही, दंड म्हणून. दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्यातलं एक अजून बोलत नाही. निरोपसमारंभाला मी जाऊ नये असं काहींचं म्हणणं होतं. मी गेले, वाढायला उभी राहिले. पाळकांच्या पानाशी आले तेव्हा त्यांनी माझ्या हातून वरण घेतलं. बोलले नाहीत. ते आजारी पडल्याचं मागच्या वर्षी कळलं, तेव्हा मी जाऊन एक रात्र दवाखान्यात बसून आले. मीठ खाल्लंच आहे.

डब्याला आता दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोघींकडे. दर पहिल्या रविवारी वही मोठ्यानं वाचतात, पैसा निघाला की दोन सह्या. तुमच्या गटांत हे असेलच, नसेल तर करून घ्या.

एक राहिलं. सभेच्या आधी मी त्या शेळ्या विकलेल्या बाईच्या घरी गेले होते. ती चुलीपुढं होती. मी सांगितलं, मुदत ठेव वगैरे काही नव्हती, मी खोटं बोलले. ती भाकरी उलटत म्हणाली, "मला कळलं होतं तेव्हाच. तुम्ही बोलताना डब्याकडं बघत होता." मग बराच वेळ काही बोलली नाही. भाकरी उतरवली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "त्यातली एक गाभण होती, बाई."

दुसरी किल्ली आता तिच्याकडे असते.